निळीचा हिशेब आणि दीनबंधू मित्र



तुमच्या जीन्सचा निळा रंग आज कारखान्यात रसायनांपासून तयार होतो. पूर्वी तो नीळ नावाच्या झुडपाच्या पानांपासून मिळे. बंगालमध्ये इंग्रज कोठीवाले ही नीळ शेतकऱ्यांकडून सक्तीने पिकवून घेत. त्या जुलमावर नाटक लिहिणाऱ्या दीनबंधू मित्र यांची आज ओळख करून घेऊ.

दीनबंधूंचा जन्म १८३० साली नदिया भागातल्या चौबेरिया गावी झाला. घरच्यांनी ठेवलेले नाव गंधर्वनारायण. ते बदलून त्यांनी स्वतःच दीनबंधू, म्हणजे गरिबांचा भाऊ, हे नाव घेतले. कोलकात्यात शिकून १८५५ साली ते पोस्टखात्यात लागले. तपासणीसाठी गावोगाव हिंडताना त्यांनी शेतकऱ्यांचे हाल पाहिले.

तो हिशेब असा होता. कोठीवाला शेतकऱ्याला आगाऊ रक्कम देई. तिला दादन म्हणत. ती घेतली की भाताची चांगली जमीन निळीला द्यावी लागे. पिकाचा भाव कोठीवालाच ठरवी, वर खर्चही कापून घेई. हाती काही उरत नसे, दादन फिटत नसे. बापाचे कर्ज मुलाच्या माथी येई. नाही म्हटले तर मार बसे, कोठीत कोंडून ठेवत. आम्ही संगणकवाले ज्याला न थांबणारे चक्र म्हणतो, तेच हे!

१८५९ साली शेतकऱ्यांनीच ते चक्र थांबवले. गावेच्या गावे नीळ पेरायला नकार देऊ लागली. १८६० साली सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

त्याच वर्षी ढाक्याला 'नीलदर्पण' नाटक छापले गेले. दीनबंधू सरकारी नोकर, म्हणून पुस्तकावर त्यांचे नाव नव्हते. १८६१ साली इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करणारे पाद्री जेम्स लाँग यांना एक महिना कैद आणि १००० रुपये दंड झाला. दंड कालीप्रसन्न सिंह यांनी भरला. १८७२ साली कोलकात्याच्या नॅशनल थिएटरचा पहिला प्रयोग याच नाटकाचा झाला. पुढच्याच वर्षी दीनबंधू वारले.

आम्ही पालकही नोकरदार माणसे. डोळ्यांसमोर अन्याय दिसला तरी नोकरी सांभाळून गप्प बसणे किती सोपे असते, हे आम्हाला ठाऊक आहे. दीनबंधूंनी नोकरी सांभाळली, पण ते गप्प बसले नाहीत. तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते? आज घरी जेवताना आईबाबांशी नक्की बोला.