रूळ आणि रूळ कापणारे हत्यार

रेल्वेच्या रुळाचा एखादा जुना तुकडा मिळवून त्याची ऐरण करावी, असा मोह घरी छोटीशी कर्मशाळा थाटणाऱ्याला केव्हा ना केव्हा होतोच. मग हा गृहस्थ हॅकसॉ घेऊन रुळाच्या माथ्यावर घासू लागतो. थोड्याच वेळात पात्याचे दात जातात. रुळावर मात्र जेमतेम ओरखडा! वर्षानुवर्षे चाकांखाली रगडला गेल्यामुळे तो माथा मुळापेक्षाही कठीण झालेला असतो. (जाणते लोक तळाच्या पट्टीपासून प्रारंभ करतात, हे जाता जाता.) या झटापटीतील दोन्ही प्रतिस्पर्धी, पोलादी रूळ आणि पोलाद कापणारे हत्यार, एकाच पुरुषाचे ऋणी आहेत. तो म्हणजे रॉबर्ट मशेट.

इंग्लंडमधील फॉरेस्ट ऑफ डीन या अरण्यप्रदेशात, कोलफर्ड येथे, 1811 साली तो जन्मला. वडील नामांकित लोहतज्ज्ञ. मुलाचे आयुष्यही मुशीसमोरच गेले. 1856 मध्ये हेन्री बेसेमरने वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून पोलाद करण्याची रीत जाहीर केली. परंतु ते पोलाद ठिसूळ निघे. त्यात मँगॅनीजयुक्त बीड योग्य प्रमाणात मिसळावे, हा उपाय मशेटचा. 1857 मध्ये डार्बी स्थानकात त्याच्या पोलादाचा एक रूळ बसविण्यात आला. त्या जागी लोखंडी रूळ सहा महिन्यांत, क्वचित तीन महिन्यांतही बदलावे लागत. हा सोळा वर्षे टिकला.

परंतु 1859 मध्ये पेटंटचे पन्नास पौंड शुल्क विश्वस्तांनी भरले नाही आणि त्याचा हक्क बुडाला. बेसेमरने पुढे दहा लाख पौंडांहून अधिक स्वामित्वधन मिळविले. कायद्याने तो निर्दोष होता, हे मान्य करावयास हवे. न्यायाने होता, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. 1866 साली मशेटची सोळा वर्षांची कन्या मेरी एकटी लंडनला जाऊन बेसेमरसमोर उभी राहिली, तेव्हा कोठे वर्षाला तीनशे पौंडांचे वेतन सुरू झाले. 1876 मध्ये मशेटला सुवर्णपदक लाभले. त्या पदकाला नावही बेसेमरचेच होते!

तथापि, त्याची खरी करामत 1868 मधील. टंगस्टन मिसळलेले त्याचे पोलाद पाण्यात न बुडविताच, नुसत्या हवेत निवताना कठीण होई. लेथवरील जुने हत्यार तापले की मऊ पडे. हे तापूनही धार राखी. आजचे हाय-स्पीड पोलाद याच कुळातले. या वेळी मात्र मशेटने पेटंट घेतलेच नाही. मिश्रणाची कृती त्याने गुप्त राखली, आणि पुढे हे पोलाद शेफील्डला होऊ लागले, तेव्हाही सामग्री पिंपांत भरून आडमार्गाने जात असे. 1891 साली चेल्टनहॅम येथे तो वारला.