रड्या म्हणजेच स्टॅन लॉरेल

लॉरेल आणि हार्डी ही नावे आपल्या घरांत फारशी चाललीच नाहीत. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांसाठी ते जाड्या आणि रड्या. अंगाने भरलेला, टायची टोके नाचवणारा जाड्या म्हणजे ऑलिव्हर हार्डी. जरा बिनसले की तोंड वेडेवाकडे करून, डोक्यावरचे केस ओढत मुळूमुळू रडणारा रड्या म्हणजे स्टॅन लॉरेल. किडकिडीत आणि धट्टाकट्टा अशी जोडी आपल्याला नवी नाही. आपल्या बडोद्यात पाली शिकवणाऱ्या चिं. वि. जोशींनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ दिलेच आहेत. पण या वेळी आम्ही रड्याचे चरित्र निवडले आहे. पडद्यावर ज्याला एक काम धड जमत नसे, त्याच्याच डोक्यातून त्या दोघांची बहुतेक फजिती निघत होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्याला अहोजाहो करणे मात्र आम्हाला जमणार नाही, तेवढे सांभाळून घ्यावे.

त्याचे मूळ नाव आर्थर स्टॅन्ली जेफरसन. जन्म १६ जून १८९० रोजी, इंग्लंडमधील अल्वर्स्टन या लहान गावी. आई अभिनेत्री, वडील नाटककंपन्या आणि नाट्यगृहे चालवणारे. म्हणजे घरातच रंगभूमी. सोळाव्या वर्षी ग्लासगोच्या एका नाट्यगृहात तो पहिल्यांदा एकट्याने विनोद करायला उभा राहिला. पुढे फ्रेड कार्नो यांच्या प्रसिद्ध कंपनीत शिरला. तिथला मुख्य विनोदी नट होता चार्ली चॅप्लिन. तो आजारी पडला तर ऐनवेळी उभे राहायचे, हे स्टॅनचे काम. १९१० साली दोघे एकाच बोटीने अमेरिकेला गेले. भाड्याच्या खोलीत स्वयंपाकाला मनाई असे, तेव्हा स्टॅन चोरून काहीबाही तळायचा आणि चुरचुर ऐकू जाऊ नये म्हणून चार्ली व्हायोलिन वाजवायचा, अशी आठवण तो पुढे सांगत असे.

चॅप्लिन काही वर्षांत जगप्रसिद्ध झाला. स्टॅनला मात्र आणखी दहा-बारा वर्षे धडपडावे लागले. या काळात त्याने आडनाव बदलले. स्टॅन जेफरसन या नावाची इंग्रजी अक्षरे तेरा भरतात आणि तेरा अशुभ, हे त्यामागचे कारण सांगतात. १९२६ च्या सुमारास तो निर्माते हाल रोच यांच्याकडे होता, तोही नट म्हणून नव्हे, तर लिहायला आणि दिग्दर्शन करायला. पण तिथल्या ऑलिव्हर हार्डी नावाच्या नटाचा हात घरी मांस भाजताना पोळला आणि त्याच्या जागी स्टॅनला पुन्हा कॅमेऱ्यापुढे जावे लागले. पुढे दोघे एकत्र दिसू लागले. या जोडीतली गंमत दिग्दर्शक लिओ मकॅरी यांनी हेरली आणि १९२७ पासून जाड्या-रड्याचा संसार सुरू झाला.

त्या काळचे विनोदी मूकपट धावपळीचे असत. या दोघांनी वेग कमी केला. एकाने टोपी चिरडायची, दुसऱ्याने ते शांतपणे पाहायचे, विचार करायचा आणि मग सावकाश बदला घ्यायचा. चित्रीकरण संपले की हार्डी गोल्फ खेळायला जाई आणि स्टॅन संकलनाच्या खोलीत बसे. चित्रपट आधी प्रेक्षकांना दाखवून हशा किती वेळ टिकतो ते पाहिले जाई. जाड्या वैतागून कॅमेऱ्याकडे बघतो ना, ते बघणे त्या हिशोबाने लांबवले वा छाटले जाई. स्टॅनचा पगारही हार्डीच्या जवळजवळ दुप्पट होता, पण काम तोच जास्त करतो म्हणून हार्डीने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. गंमत म्हणजे ते रडणे स्टॅनला स्वतःला फारसे आवडत नसे. रोच मागत, म्हणून तो रडे.

१९३२ चा ‘द म्युझिक बॉक्स’ ज्यांनी पाहिला नसेल, त्यांनी मुलांना घेऊन तो अवश्य पाहावा. अर्ध्या तासाच्या या बोलपटात कथा अशी नाहीच. खोक्यात बंद केलेला पियानो लांबलचक जिन्याने टेकडीवरच्या घरी पोचवायचा. दोघे घाम गाळत वर चढतात, कोणीतरी आडवे येते आणि खोका धडाधडा खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. शेवटी ते वर पोचल्यावर पोस्टमन सांगतो की मागच्या बाजूने गाडीरस्ता आहे. त्यावर हे दोघे काय करतात? पियानो उचलून पुन्हा सगळ्या पायऱ्या उतरतात आणि गाडीतून वर आणतात! आमच्या मते त्यांचा सारा विनोद या एका प्रसंगात आहे. आळस नाही, लबाडी नाही, कष्टाला ना नाही. फक्त अक्कल उशिरा येते. विनोदी लघुपटांसाठीचे पहिले ऑस्कर या चित्रपटाला मिळाले. लॉस एंजेलिसमधला तो १३३ पायऱ्यांचा जिना अजून आहे.

घरी मात्र स्टॅनला स्वस्थता नव्हती. १९३० साली त्याचा मुलगा अवघ्या नऊ दिवसांचा होऊन गेला. लग्ने बरीच झाली आणि मोडली, त्यांचा हिशोब इथे नको. १९४० मध्ये रोच यांची साथ सुटली. नव्या मोठ्या कंपन्यांना त्याचा चेहरा हवा होता, डोके नको होते. संहिता आणि संकलन यांत त्याला कोणी विचारेना आणि ते चित्रपट पडेल वाटतात ते त्यामुळेच. जुन्या चित्रपटांचे हक्कही दोघांकडे नव्हते. पुढे दूरचित्रवाणीवर ते घरोघरी दिसले, पण यांच्या हाती पैसा आला नाही, आणि जाहिरातींसाठी केलेली कापाकापी पाहून स्टॅनला फार लागे.

१९५३ मध्ये आयर्लंडच्या कोव बंदरात त्यांची बोट लागली, तेव्हा किनाऱ्यावर माणसांची गर्दी होती आणि चर्चच्या घंटांवर त्यांच्या चित्रपटांची धून वाजू लागली. त्या दिवशी जाड्या आणि रड्या दोघेही खरेखुरे रडले.

७ ऑगस्ट १९५७ रोजी हार्डी गेला. स्टॅनची स्वतःची प्रकृती इतकी ढासळलेली होती की डॉक्टरांनी अंत्यविधीला जाऊ दिले नाही. त्यानंतर तो पुन्हा कधीही कॅमेऱ्यापुढे उभा राहिला नाही. १९६१ मध्ये मानाचे ऑस्कर मिळाले, तेही तब्येतीमुळे दुसऱ्याने स्वीकारले. सांता मोनिकाच्या एका साध्या सदनिकेत तो राहत होता. त्याचा फोन नंबर सर्वांसाठी असलेल्या डिरेक्टरीत छापलेला असे. अनोळखी लोक फोन करत, येऊन भेटत. येणाऱ्या पत्रांना तो स्वतः टंकलेखन यंत्रावर उत्तरे लिही. २३ फेब्रुवारी १९६५ रोजी तो वारला. हार्डी गेल्यानंतरच्या त्या साडेसात वर्षांतही तो दोघांसाठी नवेनवे विनोदी प्रसंग रचत राहिला होता.