केडगावच्या रमाबाई

चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावयास सांगितले, तेव्हा मला प्रथम आठवली ती गेल्या पावसाळ्यातील एक रात्र. कपाळाला खोक पडलेली एक लेकुरवाळी मंडळाच्या दारात उभी होती. शिवणवर्गाच्या यंत्रांमध्ये सतरंजी टाकून आम्ही तिला तीन रात्री ठेवून घेतले. चौथ्या दिवशी ती आपण होऊन परत गेली, कारण तीन रात्रींपुढचे आमच्यापाशी काहीच नव्हते. तेव्हापासून मी पंडिता रमाबाईंचे चरित्र घेऊन बसले आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नीला संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने लेकीला. दुष्काळात आईबाप गेले. बहीणभाऊ पुराणे सांगत पायी हिंदुस्थान हिंडले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी जातीबाहेर विवाह झाला. १८८२ मध्ये ते पटकीने वारले. पदरी तान्ही मनोरमा. एवढी विद्या असूनही चोविसाव्या वर्षी वैधव्य चुकले नाही.

त्याच वर्षी त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. पुढे विलायतेस गेल्या व तेथे १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी अमेरिकेत गेल्या, आणि तेथे व्याख्याने देऊन व पुस्तक लिहून आपल्याकडील विधवांसाठी पैसा उभा केला. बोस्टनच्या मंडळींनी दहा वर्षांच्या खर्चाची हमी घेतली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढल्याच वर्षी ते पुण्यास नेले.

सदनात कोणाला धर्म शिकवावयाचा नाही व मुलींनी आपापले आचार पाळावे, असा करार होता. परंतु रमाबाई आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत, आणि मुली तेथे जाऊन बसत. १८९३ मध्ये त्यावरून पुण्यात गदारोळ झाला. न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, पुष्कळ मुली पालकांनी घरी नेल्या. मला विचाराल तर लोकांची शंका अगदीच निराधार नव्हती. पण नेलेल्या मुलींना पुढे कोठे ठेवणार, हे त्या गदारोळात किती जणांनी विचारले असेल? धोंडो केशव कर्वे यांनी मात्र तो विचार केला. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई त्यांची पत्नी झाली होती, आणि १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. एका घरातून दुसरे घर निघाले, हे मला फार मोलाचे वाटते.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, इतक्यांना शहरात कोण राहू देणार? म्हणून केडगावच्या शेतावर झोपड्या व तंबू ठोकले. तेच मुक्तिसदन. १९०० पर्यंत तेथील संख्या दीड हजारावर गेली होती. विधवा, टाकलेल्या, फसविलेल्या, आंधळ्या, कोणालाही मज्जाव नव्हता. विहिरी खणल्या, शेती, गाईगुरे, विणकाम, छापखाना, सारे स्त्रियांनी चालविले. बाई सोडवून आणली एवढ्याने भागत नाही, तिच्या हाताला काम लागते, हे त्यांनी ओळखले होते. आम्ही नेमके तेच विसरलो होतो.

मनोरमा १९२१ मध्ये गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी. केडगावची संस्था आजही चालू आहे.

त्यांच्या वेळी नवऱ्याच्या मारापासून बाईला राखणारा असा कायदा नव्हता. १८८७ मध्ये रखमाबाईंना तर सासरी जा, नाहीतर तुरुंगात जा, असा न्याय मिळाला. आता २००५ चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, राहत्या घरातून बाईला बाहेर काढता येत नाही. पण अर्ज रात्री अकरा वाजता कोण लिहिणार, आणि तोवर लेकराला निजवायचे कोठे?

भगिनींनो, कार्यकारिणीने शिवणवर्गामागची खोली आता या कामी दिली आहे. दोन खाटा आल्या. एक पाण्याचे पिंप हवे आहे, आणि आळीपाळीने रात्री किल्ली सांभाळणाऱ्या सहाजणी. चारजणींची नावे चिटणीसबाईंकडे आली आहेत. त्यांत एक माझे आहे.