एल्ब्रिज गेरी आणि त्याची सही

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचावयाचीं, तीं केवळ त्यांचे गुण गाण्यासाठीं नव्हेत. ज्याच्या हातून देशाची मोठी सेवा घडली, त्याच्याच हातून एखादें अनुचित कृत्यहि घडतें, आणि कधीं कधीं जगाच्या स्मरणांत तेवढेंच कृत्य राहतें. अशा चरित्रापासून मिळणारा बोध कमी मोलाचा नसतो. म्हणून अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांतील एक पुढारी एल्ब्रिज गेरी ह्याचें चरित्र आम्ही येथें संक्षेपानें सादर करीत आहों.

गेरीचा जन्म ता. १७ जुलै १७४४ रोजीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील मार्बलहेड ह्या समुद्रकांठच्या गांवीं झाला. त्याचा बाप व्यापारी होता. सुक्या मासळीनें भरलेलीं त्याचीं गलबतें वेस्ट इंडीज बेटांस व स्पेन देशास जात. गेरीनें हार्वर्ड कॉलेजांतून १७६२ सालीं पदवी मिळविली आणि तो वडिलांच्या व्यापारांत लक्ष घालूं लागला. पुढें इंग्लंडच्या पार्लमेंटानें वसाहतींवर कर लादण्यास आरंभ केला, तेव्हां ह्या तरुण व्यापाऱ्यानें सार्वजनिक कार्यांत उडी घेतली. ता. १८ एप्रिल १७७५ च्या रात्रीं इंग्रज फौज कॉन्कॉर्डकडे निघाली, त्या वेळीं तो वाटेवरील मेनॉटमी गांवच्या एका पथिकाश्रमांत निजलेला होता. शिपाई जवळ आलेले पाहतांच तो व त्याचे सोबती रात्रीच्या वस्त्रांनिशींच मागील शेतांत जाऊन लपले व थोडक्यांत बचावले. युद्ध पेटल्यावर सैन्यास दारूगोळा व अन्नसामग्री पुरविण्याचें बिकट काम त्यानें मोठ्या दक्षतेनें केलें. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्या ५६ पुरुषांच्या सह्या आहेत, त्यांत गेरीची सही आहे.

परंतु ह्या पुरुषाच्या मनाची खरी पारख झाली ती त्यानें न केलेल्या सहीनें. १७८७ सालीं फिलाडेल्फिया येथें नवी राज्यघटना तयार करण्यासाठीं परिषद भरली. तयार झालेल्या घटनेंत सरकारला अधिकार पुष्कळ होते. पण धर्म, भाषण, वृत्तपत्रें ह्यांविषयींचे लोकांचे हक्क पुरतेपणीं नमूद नव्हते. हें गेरीच्या मनाला सलूं लागलें. हक्कांची सनद तयार करावी असा प्रस्ताव त्यानें मांडला व जॉर्ज मेसन ह्यानें त्यास पुष्टि दिली. पण एकाहि राज्याचें मत अनुकूल पडलें नाहीं. ता. १७ सप्टेंबर रोजीं घटनेवर ३९ जणांच्या सह्या झाल्या. हजर असूनहि सही न करणारे तिघेच निघाले : मेसन, एडमंड रॅन्डॉल्फ आणि गेरी. अध्यक्षस्थानीं प्रत्यक्ष वॉशिंग्टन बसलेला असतां असा नकार देणें सोपें नव्हतें. त्याबद्दल गेरीला दूषणें सोसावीं लागलीं. तथापि चारच वर्षांनीं, १७९१ सालीं, हक्कांची सनद घटनेस जोडली गेली.

पुढें १७९७ सालीं अध्यक्ष जॉन अॅडम्स ह्यानें त्याला आणखी दोघांसह वकील म्हणून फ्रान्सला पाठविलें. फ्रेंच मंत्र्याच्या हस्तकांनीं लांच मागितल्यामुळें बोलणें फिसकटलें व इतर दोघे निघून आले. आपण निघालों तर युद्ध जुंपेल ह्या भीतीनें गेरी मात्र तेथेंच राहिला. ह्याहि वेळीं मायदेशांत त्याच्यावर टीकेची झोड उठली. ह्यावरून दिसून येईल कीं, लोकापवादाला भिऊन वागणारा हा मनुष्य नव्हता.

आतां त्याच्या आयुष्यांतील त्या दुर्दैवी प्रकरणाकडे वळूं. अनेक वेळां अपयश आल्यावर १८१० सालीं गेरी मॅसॅच्युसेट्स राज्याचा गव्हर्नर निवडून आला व पुढील वर्षीं पुन्हा निवडला गेला. पहिल्या वर्षीं त्यानें दोन्ही पक्षांना सांभाळून घेतलें. परंतु लवकरच इंग्लंडशीं युद्धाचीं चिन्हें दिसूं लागलीं आणि विरोधी फेडरालिस्ट पक्ष युद्धाच्या विरुद्ध होता. आपले विरोधक ते देशाचेच वैरी, असें गेरीला वाटूं लागलें. अशा वेळीं त्याच्या डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन पक्षानें राज्याच्या सीनेटचे मतदारसंघ नव्यानें आंखण्याचा कायदा विधिमंडळांत मंजूर करून घेतला. पूर्वीं हे मतदारसंघ कौंटीच्या, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागाच्या, सीमांना धरून असत. आतां त्या सीमा मोडून पक्षाच्या सोयीप्रमाणें रेषा ओढल्या गेल्या.

रेषा ओढल्यानें काय होतें, हें बालवाचकांना एका उदाहरणानें समजेल. एका शाळेंत ५० विद्यार्थी आहेत. ३० एका पक्षाचे व २० दुसऱ्या पक्षाचे. दहा दहांचे पांच गट करून प्रत्येक गटानें एक प्रतिनिधि निवडावयाचा आहे. गट करण्याचें काम धाकट्या पक्षाच्या हातीं आलें. त्यानें तीन गटांत आपले सहा सहा व समोरचे चार चार घातले. उरलेल्या दोन गटांत आपला एकेक व समोरचे नऊ नऊ कोंबले. निकाल काय ? वीस जणांचे तीन प्रतिनिधि, तीस जणांचे दोन ! एकहि मत खोटें पडलें नाहीं, तरी न्याय मात्र बुडाला.

हा कायदा गेरीला मनापासून पसंत नव्हता, असें त्याच्या जांवयानें लिहिलेल्या चरित्रांत नमूद आहे. कायदा परत पाठविण्याचा अधिकार गव्हर्नरास होता. परंतु १७८७ सालीं साऱ्या परिषदेपुढें न नमलेला हात ह्या वेळीं स्वपक्षापुढें नमला. फेब्रुवारी १८१२ मध्यें गेरीनें सही केली.

ह्या कायद्यानें बनलेला एक मतदारसंघ फारच चमत्कारिक होता. बोस्टनजवळच्या चेल्सीपासून निघून, गेरीची जन्मभूमि मार्बलहेड पोटांत घेऊन, तो आंत अँडोव्हरकडे वळे व उत्तरेस सॉल्झबरीपाशीं पुन्हा समुद्राला भिडे. ता. २६ मार्च १८१२ च्या बोस्टन गॅझेट पत्रांत त्याच्या नकाशाला पंख, नख्या व डोकें जोडून काढलेलें एक चित्र प्रसिद्ध झालें. पालीसारख्या दिसणाऱ्या सॅलमँडर नांवाच्या प्राण्याशीं त्याचें साम्य होतें. म्हणून त्या प्राण्याच्या नांवाला गेरीचें नांव जोडून त्यास गेरीमँडर म्हणूं लागले. एप्रिलच्या निवडणुकींत फेडरालिस्टांना ५१ हजारांवर मतें मिळालीं, गेरीच्या पक्षाला ५० हजारांहून थोडीं अधिक. पण सीनेटच्या ४० जागांपैकीं २९ गेरीच्या पक्षाच्या पदरांत पडल्या. गव्हर्नरची निवडणूक मात्र सबंध राज्याची. तेथें रेषांचा उपयोग नव्हता. तींत कॅलेब स्ट्राँग ह्यानें गेरीचा पराभव केला.

त्यानंतर मॅडिसन अध्यक्ष असतां, मार्च १८१३ मध्यें, गेरी अमेरिकेचा उपाध्यक्ष झाला. ता. २३ नोव्हेंबर १८१४ रोजीं सीनेटच्या कामास जात असतां वाटेंतच त्याला मृत्यूनें गांठलें. एके काळीं संपन्न असलेला हा गृहस्थ मरणसमयीं कर्जांत होता. त्याच्या अंत्यविधीचा खर्च सरकारनें केला. वॉशिंग्टन शहरींच त्याचें दफन झालें. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकीं त्या राजधानींत चिरविश्रांति घेणारा तो एकटाच होय.

आज त्याची देशसेवा थोड्यांस ठाऊक आहे. तो शब्द मात्र इंग्रजी कोशांत कायमचा बसला आहे. त्यांतहि दैवाची चेष्टा अशी कीं, गेरीच्या नांवाचा मूळ उच्चारहि त्या शब्दांत टिकला नाहीं. लोक त्याला जेरीमँडर म्हणतात. अमेरिकेंतील बहुतेक राज्यांत हें काम अजूनहि विधिमंडळांकडेच असल्यामुळें ही तक्रार तेथें आजहि ऐकूं येते. आपल्या देशांत मतदारसंघांच्या सीमा ठरविण्यासाठीं १९५२, १९६३, १९७३ व २००२ सालीं स्वतंत्र आयोग नेमण्यांत आले. मत देणाऱ्या पालकांनीं मताच्या पेटीइतकेंच ह्या रेषांकडेहि लक्ष ठेविलें पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, परक्यांना नाहीं म्हणण्यास धैर्य लागतें, पण स्वजनांना नाहीं म्हणण्यास त्याहून अधिक धैर्य लागतें. पहिलें धैर्य गेरीपाशीं होतें. दुसरें ऐन वेळीं अपुरें पडलें. उद्यां तुमच्या हातींहि लेखणी येईल. सही करण्यापूर्वीं ह्या पुरुषाची आठवण ठेवा, एवढेंच आमचें सांगणें आहे.