बिल विल्सन : एका फोनने वाचलेला माणूस

मे १९३५. अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात एका हॉटेलच्या लॉबीत बिल विल्सन येरझारा घालत होता. धंद्याचे काम फिसकटले होते आणि समोरच बार होता. दारू सोडून त्याला अवघे पाच महिने झाले होते.

१८९५ साली जन्मलेल्या बिलने शेअर बाजारात नाव कमावले होते, पण दारूपायी ते धुळीला मिळाले. पत्नी लोइस नोकरी करून घर चालवी. इस्पितळाच्या वाऱ्या झाल्या, शपथा मोडल्या.

त्या दिवशी मात्र त्याने बारऐवजी फोन गाठला. चर्चच्या यादीतून एका धर्मगुरूंना फोन लावला आणि दारूशी झगडणाऱ्या दुसऱ्या कोणाची तरी गाठ घालून देण्याची विनंती केली. दुसऱ्या दिवशी डॉ. बॉब स्मिथ भेटले. पंधरा मिनिटांसाठी आलेले डॉक्टर सहा तास बसले, कारण बिलने उपदेश केला नाही, स्वतःचीच कहाणी सांगितली. १० जून १९३५ नंतर डॉक्टर कधीच प्याले नाहीत. तोच दिवस 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'चा स्थापनादिन मानला जातो. १९३९ साली सिस्टर इग्नेशिया यांनी अ‍ॅक्रनच्या सेंट थॉमस इस्पितळाचे दार अशा रुग्णांसाठी उघडले.

बिलची सिगारेट बराच काळ सुटली नाही. फुप्फुसाच्या विकाराने तो खंगला. २४ जानेवारी १९७१ रोजी तो वारला, पण दारूला पुन्हा शिवला नाही.

हे दुखणे आपल्याही घरांत आहे, आणि लोकलाजेस्तव आपण ते झाकतो. 'एए'च्या सभेत फी नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडण्याची इच्छा पुरते. पहिला फोन मात्र आपणच करायचा असतो.