कोरूचा चित्रकार : गॉर्डन वॉल्टर्स

न्यूझीलंडमधील अमूर्त चित्रकलेची चर्चा गॉर्डन वॉल्टर्स यांच्या नावाशिवाय पूर्ण होत नाही आणि त्यांचे नाव निघाले की त्यामागोमाग एक वादही येतो. नेच्याचे कोवळे पान उलगडताना जो वळसा घेते, तो माओरी कलेतील ‘कोरू’. सभागृहांच्या आढ्यांवरील नक्षीत पिढ्यान्‌पिढ्या रंगवला गेलेला हा आकार वॉल्टर्स यांनी पाश्चात्त्य भौमितिक शैलीत आणला.

१९१९ साली वेलिंग्टन येथे युरोपीय वंशाच्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. जावा बेटावर जन्मलेले डच चित्रकार थिओ स्कून यांच्याशी १९४१ मध्ये परिचय झाला आणि त्यांच्यामुळेच माओरींच्या प्राचीन शैलचित्रांकडे वॉल्टर्स यांचे लक्ष वेधले गेले. १९५०च्या सुमारास युरोपात मोंद्रिआन, व्हासारेली यांची कला त्यांनी जवळून अभ्यासली. मायदेशी परतल्यावर सरकारी मुद्रणालयातील नोकरी सांभाळून १९५६ पासून ते कोरूवर प्रयोग करू लागले. वळसा हळूहळू सरळ झाला. उरला केवळ आडवा पट्टा आणि त्याच्या टोकाशी वर्तुळ. काळा रंग पुढे की पांढरा, हे पाहणाऱ्याला ठरवता येऊ नये, असा तो तोल होता. दहा वर्षे एकांतात घडलेली ही चित्रे १९६६ मध्ये ऑकलंडच्या ‘न्यू व्हिजन’ कलादालनात रसिकांसमोर आली. त्यांपैकी अनेकांना माओरी नावे होती.

वॉल्टर्स यांच्या लेखी कोरू हा निव्वळ आकार होता. माओरींसाठी मात्र त्यात वंशपरंपरेची स्मृती होती. सिडनीतील १९९२च्या ‘हेडलँड्स’ प्रदर्शनाच्या ग्रंथात माओरी अभ्यासक रांगीहिरोआ पानोहो यांनी नेमक्या याच मुद्द्यावर बोट ठेवले. माओरी साहित्याच्या अभ्यासक मार्गारेट ऑर्बेल या वॉल्टर्स यांच्या पत्नी. त्या संपादित करीत असलेल्या ‘ते आओ होउ’ या माओरी नियतकालिकासाठीही त्यांनी रेखाटने केली होती. त्यामुळे हा आक्षेप परक्या चित्रकाराच्या उचलेगिरीपुरता सोपा राहिला नाही. आदर असला तरी अधिकार मिळतो का, हा खरा प्रश्न होता.

१९९४ मध्ये माओरी शिल्पकार मायकल पारेकोफाई यांनी वॉल्टर्स यांच्या ‘काहुकुरा’ या चित्राचेच पोलादी शिल्प केले. खेळण्याचे सुटे भाग जोडण्यासाठी मिळावेत, तशा चौकटीच्या रूपात. वॉल्टर्स यांचा कोरू असा पुन्हा माओरी हातांत आला. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, ख्राइस्टचर्च येथे वॉल्टर्स यांचे निधन झाले. वाद मात्र त्यांच्या चित्रांइतकाच टिकून आहे.