दोन देशांचा मोंती

विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना दोन वेगळ्या देशांकडून खेळलेला खेळाडू आजवर एकच झाला. त्याचे नाव लुईस मोंती. गोल मारणारे सर्वांच्या लक्षात राहतात. मैदानाच्या मधोमध उभे राहून प्रतिस्पर्ध्याची चाल मोडणाऱ्या या धिप्पाड गड्याची ओळख आमच्या वाचकांना करून द्यावीशी वाटते.

मोंतीचा जन्म १९०१ साली ब्यूनस आयर्सचा, घराणे मूळचे इटलीचे. सॅन लोरेन्झो क्लबला त्याने १९२३, १९२४ आणि १९२७ अशी तीन अजिंक्यपदे मिळवून दिली. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाने रौप्यपदक पटकावले, त्या संघातही तो होता.

१९३० साली उरुग्वेत पहिला विश्वचषक भरला. त्या स्पर्धेत अर्जेंटिनाचा पहिला गोल मोंतीने फ्रान्सविरुद्ध केला. ३० जुलैला माँटेव्हिडिओत यजमानांशी अंतिम सामना ठरला आणि मोंतीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. मध्यंतरापर्यंत अर्जेंटिना २-१ ने पुढे होता, तरी अखेर ४-२ ने हरला. एरवी आडदांड खेळणारा मोंती त्या दिवशी दबून खेळला आणि पराभवाचे खापर त्याच्यावर फुटले.

पुढच्याच वर्षी तो इटलीतील युव्हेंटसकडे गेला. वय तिशीचे, वजन वाढलेले. कसून मेहनत करून त्याने शरीर पुन्हा कमावले आणि युव्हेंटसने ओळीने चार वेळा इटलीचे अजिंक्यपद जिंकले. वाडवडील इटालियन असल्याने त्याला इटलीच्या राष्ट्रीय संघातही स्थान मिळाले. १० जून १९३४ रोजी रोममध्ये इटलीने जादा वेळेत चेकोस्लोव्हाकियाला २-१ असे हरवले. मुसोलिनी स्वतः हजर होता आणि त्याला विजय हवाच होता. एकीकडे जिंकण्याची भीती, दुसरीकडे हरण्याची. मोंतीच्या वाट्याला दोन्ही आल्या.

त्याच वर्षी नोव्हेंबरात लंडनमध्ये इंग्लंडविरुद्ध सुरुवातीलाच त्याच्या पायाचे हाड मोडले. इटली ३-२ ने हरली.

जन्मभूमी आपली की पूर्वजांची भूमी, हा प्रश्न परप्रांतात पिढ्या घालवलेल्या आम्हालाही कधीमधी विचारला जातो. आमच्यावर तो धाक घालून कोणी विचारत नाही, एवढे आमचे भाग्य. मोंतीने दोन्ही देशांसाठी घाम गाळला. अखेर तो अर्जेंटिनात परतला आणि १९८३ साली तिथेच त्याने देह ठेवला.